कडेची खुर्ची

आमच्या तालमीच्या डोक्यावरून रेल्वे जाते. आमागासाकीत पुलाखालचे गाळे स्वस्तात मिळत होते, त्या काळात माझ्या नवऱ्याने हा गाळा घेतला, गाद्या अंथरल्या आणि दारावर पाटी ठोकली. गाडी आली की शिकवणारा अर्ध्या वाक्यावर थांबतो, गाडी गेली की उरलेलं वाक्य पुरं करतो. पोरं नवऱ्याला वस्ताद म्हणायची आणि मला वहिनी. वस्तादांना जाऊन सहा वर्षं झाली. आता शिकवायचं काम हामुरो करतो. गाद्या पुसणं, टॉवेल धुणं, फोन घेणं आणि कुणाला कधी फैलावर घ्यायचं ते ठरवणं मात्र अजून माझ्याकडेच आहे.

तोकिदा आमच्याकडे आला तेव्हा वीस वर्षांचा होता. ओकी बेटावरचा. ज्युदोच्या जोरावर कॉलेजात शिरला होता, मग गुडघा दुखावला आणि गुडघ्यापाठोपाठ कॉलेजही सुटलं. आई लहानपणीच गेलेली, बापाने होडी विकून कुठेतरी दुसरा संसार थाटलेला. पहिल्या दिवशी येताना वाळवलेल्या म्हाकुळांचं पुडकं घेऊन आला आणि ते दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरून इतका वेळ वाकून उभा राहिला, की मला वाटलं याची कंबरच धरली. गाडी जाईपर्यंत तो तसाच उभा होता.

आमच्याकडची हातापायांची लढत म्हणजे ठोसे, लाथा, उचलून आपटणं, गळा आवळणं, सगळंच आलं. तोकिदाला ठोसे धड मारता येत नव्हते. पण एकदा समोरच्याचा पाय त्याच्या हातात आला, की तो सुटत नसे. मार खाईल, नाक फुटेल, पण पाय सोडणार नाही. तालमीतल्या पोरांनी त्याचं नाव ‘गोचीड’ ठेवलं. तो हसायचा, त्याला ते नाव आवडायचं बहुतेक. दुसरं कुणी त्याला लाडाचं नाव ठेवलंच नव्हतं.

त्याची पहिली लढत बघायला मी गेले होते. ओसाकातलं ते छोटं सभागृह, तिसरी रांग, कडेची खुर्ची. माझाही एक गुडघा अधू आहे, पाय पसरता यावा म्हणून त्यानेच कडेची मागून घेतली होती. घंटा झाली, तो आत धावला आणि समोरच्याच्या ठोशाखाली आडवा झाला. अकरा सेकंद. मी पर्समधून चष्मासुद्धा नीट काढला नव्हता.

दुसऱ्या लढतीला मला ताप होता म्हणून गेले नाही, तर तो जिंकला. तिसरीला बहिणीकडे अडकले, पुन्हा जिंकला. मग माझ्या मनाने घेतलं, की माझाच पायगुण वाईट. आमच्या धंद्यात हे वेड सगळ्यांनाच असतं. कुणी उजवा मोजा आधी घालतो, कुणी जिंकलेल्या दिवसाची चड्डी धूत नाही, वस्ताद तर लढतीच्या सकाळी दाढीच करत नसत. आणि असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, बोललं की त्यातला जोर जातो. म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

लढतीच्या आदल्या दिवशी तोकिदा माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवायचा. वर नीट अक्षरात ‘वहिनींना’, आत एक तिकीट. तिसरी रांग, कडेची खुर्ची. मी म्हणायचे, “उद्या नाही रे जमायचं, काम आहे.” तो म्हणायचा, “बरं, वहिनी.” आणि टॉवेलांची थप्पी उचलून आत जायचा. ते पाकीट मी घरी नेऊन देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवायचे. लढतीच्या वेळी मी तालमीत एकटी असायचे. दारापासल्या डाव्या कोपऱ्यातून गाद्या पुसायला सुरुवात करायची आणि उजवीकडे संपवायचं, क्रम चुकवायचा नाही. शेवटच्या गादीला पोचेपर्यंत फोन यायचा, आधी वस्तादांचा, ते गेल्यावर हामुरोचा. वस्ताद “जिंकला” म्हणाले की जिंकला. नुसतं “येतोच” म्हणाले, की मी बर्फ काढून ठेवायचे.

ओळीने पाच लढती तो जिंकला. विजेत्याच्या पट्ट्यासाठी लढायला टोकियोहून बोलावणं आलं. मी गाद्या पुसत होते आणि तिकडे तिसऱ्या फेरीत समोरच्याचा गुडघा याच्या जबड्यावर बसला. दीड महिना जबडा तारेने बांधलेला. रोज संध्याकाळी तालमीत यायचा, मी भाताची पेज करून द्यायचे, नळीने ओढून घ्यायचा आणि मग सराव करणाऱ्यांकडे बघत भिंतीला टेकून बसायचा. तुझ्या खोलीवर का जात नाहीस असं मी एकदा विचारलं. बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने पाटीवर लिहून दाखवलं, की खोलीत आवाज नाही.

त्यानंतर त्याचा तो पहिला जोर परत आला नाही. पण फोन येत राहिले. लढती भरवणाऱ्यांना एखादं नवं पोरगं पुढे आणायचं असलं, की त्याच्यासमोर उभं करायला अनुभवी, चिवट आणि हरणारा माणूस लागतो. शिवाय आमच्यात लढणाऱ्यानेच आपल्या बाजूची तिकिटं विकायची असतात, आणि तोकिदाची तीस तिकिटं प्रत्येक वेळी खपायची. हरतो पण माणसं आणतो, असं त्याचं नाव होतं. एवढी माणसं हा घुम्या कुठून गोळा करतो, असं मी नवऱ्याला विचारलं, तर ते म्हणाले, कामावरची असतील. आणि पेपरात तोंड घातलं.

काम बंदरावरच्या शीतगृहात. उणे पंचवीस अंशांत माशांची खोकी हलवायची. तिथे कुणी बोलत नाही, तोंड उघडलं की दात ठणकतात. दोन वर्षं एक बाई त्याच्यासोबत राहिली होती. ती गेल्याचं त्याने मला सांगितलं ते असं, की आता दाराशी चपलांचा एकच जोड असतो, त्यामुळे झाडायला सोपं जातं. लढतीआधी वजन उतरवतानाही बाकीच्या पोरांजवळ कुणीतरी असतं, गप्पा मारायला, चक्कर आली तर धरायला. हा एकटाच सार्वजनिक न्हाणीघरात जाऊन कढत पाण्यात बसायचा, बाहेर येऊन वजन बघायचा आणि पुन्हा आत. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळं गाव आपापल्या घरी असतं, तेव्हा तो सकाळी आठला तालमीच्या बंद दाराशी उभा असायचा. मी दार उघडून म्हणायचे, “आलास का गोचिडा, पूस आता गाद्या.” मग दोघं मिळून पुसायचो. वस्ताद गेल्यावर मलाही घर खायला उठायचं, पण हे मी त्याला कधी म्हटलं नाही.

सतरा वर्षांत अडतीस लढती झाल्या. बारा जिंकल्या, सव्वीस हरला. मी गेले असते तर त्या बाराही गेल्या असत्या, असं मी मनाशी म्हणायचे. खणात सदतीस पाकिटं साठली.

मागच्या हिवाळ्यात त्याचा डावा हात मिटेनासा झाला. मानेतली शीर दबली होती. शीतगृहात त्याच्या हातून खोकं निसटून शेजारच्या माणसाच्या पायावर पडलं. दुसऱ्या दिवशी तो येऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, आता एक शेवटची लढतो आणि थांबतो. मी बरं म्हटलं. मी टॉवेलांच्या घड्या घालत राहिले.

लढणारा थांबतो तेव्हा आमच्यात त्याला दहा टोल देतात. दिवे मंद करायचे, तो रिंगमध्ये मधोमध उभा राहतो, सगळं सभागृह उठतं आणि घंटेचे सावकाश दहा टोल पडतात. त्याआधी त्याची माणसं वर जाऊन फुलं देतात. आई, बाप, बायको, मुलं, जुने दोस्त. भरवणाऱ्यांनी त्यासाठी एक कागद पाठवला होता, फुलं कोण देणार त्यांची नावं लिहायची होती. दहा ओळी आखलेल्या. तोकिदाने तो कागद कोराच हामुरोला परत दिला आणि म्हणाला, नुसते टोल पुरेत, फुलांचं राहू दे.

हामुरोने कागद माझ्यापुढे ठेवला. तो तिथेच उभा राहिला. मी पहिल्या ओळीवर माझं नाव लिहिलं.

लिहिलं खरं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. टोल त्याच दिवशी, लढतीनंतर. फुलं द्यायची तर सभागृहात जावं लागणार. मी सभागृहात गेले की तो हरणार. शेवटची लढत त्याने जिंकून जावं, एवढंच मला हवं होतं. सव्वीस वेळा हरलेल्या माणसाने निदान जाताना तरी मान वर करून जावं. पहाटे तोड सुचली, की लढत संपेपर्यंत बाहेरच बसायचं. घंटा वाजली, निकाल लागला, की मग आत शिरायचं. माझ्या अकलेचं मलाच कौतुक वाटलं.

आदल्या दिवशी पाकीट आलंच. मी नेहमीसारखं “काम आहे रे” म्हणणार होते, पण म्हटलं, “बघते.” तो टॉवेल उचलताना थांबला. “खरंच?” मी म्हटलं, “बघते म्हटलं ना. जा, अंघोळीला जायचंय ना तुला.” हामुरोला मी बजावून ठेवलं होतं, की फुलांचं त्याला कळू द्यायचं नाही.

लढती रविवारी दुपारच्या होत्या. फुलवालीला सांगितलं, एक माणूस कामावरून निवृत्त होतोय. तिने शाळेच्या हेडमास्तरांना देतात तसा गुच्छ बांधून दिला, मोठी पिवळी फुलं आणि पांढरी फीत. तो मांडीवर घेऊन मी सभागृहाच्या दाराबाहेर बाकावर बसले. दाराशी तिकीट फाडायला एक बाई होती, माझ्याच वयाची. तिने तीनदा सांगितलं, आत जा, सुरू झालंय. शेवटी मी म्हटलं, “माझा पायगुण वाईट आहे हो. आमचा माणूस लढून होऊ दे.” तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसली नाही. कोपऱ्यातला हीटर ओढून माझ्या पायांशी आणून ठेवला.

त्याचं नाव पुकारलेलं ऐकू आलं. टाळ्या पडल्या, पण पावसाचे चार थेंब पत्र्यावर पडावेत तेवढ्याच. मग घंटा. मला पुसायला गादी नव्हती, म्हणून मी बाकाची फळी रुमालाने पुसत बसले, डावीकडून उजवीकडे. पहिली फेरी संपली. दुसरीत आत एकदम गलका झाला आणि तसाच विरला. बाईने दार फटीएवढं उघडून बघितलं.

“निळ्या कोपऱ्यातला जिंकला,” ती म्हणाली.

निळा म्हणजे आमचाच. गेली दहा वर्षं तोकिदाच्या वाट्याला निळाच कोपरा येत होता, लाल कोपरा नेहमी समोरच्या नव्या पोराचा. मी तिला पुन्हा विचारलं, निळाच ना? ती म्हणाली, निळाच, गळा आवळला म्हणे. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते हेडमास्तरांच्या फुलांवर पडलं. मला वाटलं, फळली आपली सतरा वर्षं.

मी तिकीट काढून दिलं. तिने ते फाडलं आणि अर्धं माझ्या हातात ठेवलं. तोकिदाने दिलेलं तिकीट पहिल्या लढतीनंतर पहिल्यांदाच फाटत होतं.

हामुरो मला न्यायला दारापर्यंत आला. त्याच्या मागून मी आत गेले आणि तिसऱ्या रांगेशी थांबले. आमच्याकडे लोक यायच्या आधी प्रत्येक खुर्चीवर पुढच्या लढतींच्या जाहिरातींची गड्डी ठेवलेली असते. बाकी सभागृहात माणसं होती, गड्ड्या त्यांच्या मांडीवर नाहीतर पायाखाली. पण आमच्या बाजूच्या तीन रांगा, दहा-दहा खुर्च्या, एकीवरही माणूस नाही. तीस खुर्च्यांवर तीस गड्ड्या जशाच्या तशा.

“माणसं कुठे गेली याची?” मी विचारलं.

हामुरो बुटांकडे बघत राहिला. “नाहीतच, वहिनी. तिकिटं तोच घेतो. नेहमीच. सुरुवातीला कामावरचे चार-पाच जण यायचे, मग तेही बंद झाले. खपली नाहीत म्हणाला असता तर फोन आले नसते.”

“मग फुकट वाटायची कुणाला तरी.”

“फुकट द्यायलाही कुणी असावं लागतं,” हामुरो म्हणाला. “वस्तादांना ठाऊक होतं.”

मला वस्तादांचा असा राग आला, की घरी जाऊन फोटोसमोर चार शब्द सुनवायचे हे मी तिथेच ठरवलं. पण नाव पुकारलं गेलं. रिंगच्या पायऱ्या चढताना गुडघ्याने रडगाणं लावलं. तोकिदाने मला बघितलं आणि तो धावत दोरांपाशी आला. पायाने खालचा दोर दाबला, खांद्याने वरचा उचलला आणि मी वाकून आत गेले. त्याचा डावा डोळा सुजून बंद झाला होता. मी फुलं दिली. त्याने ती शीतगृहातल्या खोक्यासारखी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

“जिंकलो, वहिनी.”

“कळलं. बाहेर ऐकू आलं मला.”

“बाहेर?” त्याचा उघडा डोळा माझ्यावर थांबला. “मला वाटलं गर्दीत उशीर झाला असेल. मागून बघितलं असेल तुम्ही.”

मग मी सांगून टाकलं. आता कसला जोर जायचा राहिला होता? म्हटलं, “मी आले की तू हरतोस. पहिल्या वेळी आले, अकरा सेकंदांत गेलास. नंतर आले नाही, तर ओळीने पाच जिंकलास. म्हणून येत नव्हते. आजही दाराबाहेर बसले होते, तुझा निकाल लागेपर्यंत.”

माईकवाला आमच्याकडे बघून घाई करा अशी खूण करत होता.

“मला वाटायचं, अकरा सेकंदांत आडवा झालो ते बघून तुम्हाला माझी लाज वाटली,” तो म्हणाला. “म्हटलं, एकदा वहिनींसमोर जिंकायचं आणि थांबायचं. दर वेळी आत आलो की आधी ती खुर्ची बघायचो.”

“गाढवा, विचारायचं तरी होतंस.”

“तुम्ही तरी सांगायचं होतं.”

टोकियोच्या त्या गुडघ्यानंतर हा माणूस तीसेक लढती लढला. तुटलेला जबडा, दबलेली शीर, उणे पंचवीस अंशांतली कमाई त्या तीस खुर्च्यांवर. आणि मी इकडे त्याच्या भल्यासाठी गाद्या पुसत होते. माईकवाला पुढे आला. तोकिदाने माझ्यासाठी पुन्हा दोर पायाखाली दाबला, आणि मी वाकले तेव्हा माझ्या कानाशी म्हणाला, “आज हरलो असतो तरी चाललं असतं, वहिनी.”

खाली उतरून मी तिसऱ्या रांगेत आले. कडेच्या खुर्चीवरची गड्डी उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. बसायला वेळच मिळाला नाही, कारण दिवे मंद झाले आणि सगळे उठले. मीही माझ्या खुर्चीपुढे उभी राहिले, आजूबाजूला एकोणतीस रिकाम्या खुर्च्या. रिंगवर तेवढा उजेड होता आणि त्यात तो एकटा, पिवळी फुलं घेऊन.

टोल पडत असताना लढणाऱ्याने मान खाली घालायची असते. ती रीत आहे, सगळेच पाळतात. पहिला टोल पडला तेव्हा तोकिदाने मान खाली घातली नाही. दुसऱ्यालाही नाही. तो एका डोळ्याने तिसऱ्या रांगेकडे बघत होता. मी हात वर केला आणि दहाव्या टोलापर्यंत खाली घेतला नाही.